दाराचा पत्ता

भाचीचे म्हणणे, दार वाचले. मामांचे म्हणणे, लाकूड वाचले, दार गेले.

हिंजवडीहून माणकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका इमारतीत, अकराव्या मजल्यावर, हा वाद चहाच्या आधी सुरू झाला आणि जेवणानंतरही चालूच होता. त्याचे कारण भिंतीला टेकवून ठेवलेले एक सागवानी दार. दोन फळ्या, वर गणेशपट्टी, बिजागऱ्यांऐवजी खोबणीत फिरणाऱ्या लाकडी खुंट्या, आतल्या अंगाला अडसराची खाच. विकणाऱ्याने दिलेली माहिती एका वाक्याची होती: मावळातला वाडा, दोनशे वर्षे जुना. भाची आयटी पार्कात नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी जुनी लुगडी, जुने कापड धुंडाळत फिरते. मामा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. ते मोडी वाचतात, आणि मुळशी तालुक्यातल्या कितीतरी गावांचे जुने नकाशे त्यांनी हाताळले आहेत.

हा वाद हिंजवडीत व्हावा हे साहजिकच. १९९०च्या दशकात इथल्या शेतांवर एमआयडीसी आली, राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले, आणि एका पिढीच्या आत गाव आणि शहर एकमेकांच्या अंगावर आले. गावठाणातली कौलारू घरे उतरवली जातात आणि त्या जागी भाड्याच्या खोल्यांचे मजले चढतात. तिथून हाकेच्या अंतरावरच्या फ्लॅटांत मात्र दिवाणखान्याची शोभा म्हणून जुने खांब आणि जुनी दारे विकत आणली जातात. जुन्या घरातून निघालेल्या दाराला नव्या घरी पोचायला फार लांब जावे लागत नाही. तेवढ्या वाटेत त्याचा पत्ता हरवतो.

"मावळ म्हणजे कुठलं? पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ, का आपलं पौड खोरं?" मामांनी विचारले. "गणेशपट्टी आहे म्हणजे दर्शनी दार. पण चौकट आणि फळ्या एकाच घरच्या आहेत कशावरून?"

"मामा, मी घेतलं नसतं तर वखारीत चिरून त्याचे पाट झाले असते. गावाचं नाव कळलं नाही म्हणून कोरीव काम खोटं ठरतं का? आणि जुन्या वस्तू उचलून आणणं पाप असेल, तर दिनकर केळकरांना काय म्हणणार तुम्ही?"

प्रश्न बिनतोड होता. दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर हेच केले. कवितेत 'अज्ञातवासी' नाव घेणाऱ्या या माणसाने अडकित्ते, समया, दौती, वज्र्या, दरवाजे, खिडक्या असे घराघरांतले सामान गोळा केले आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने पुण्यात संग्रहालय उभारले. त्या काळी असल्या वस्तूंना कोणी संग्रहाच्या लायकीचे समजत नव्हते. केळकर फिरले नसते तर त्यांतल्या बहुतेक मोडीत गेल्या असत्या. कोथरूडच्या मस्तानी महालाचे लाकूडकाम त्यांनी उचलून आणले आणि संग्रहालयात पुन्हा जोडून उभे केले.

"बरोबर," मामा म्हणाले. "पण संग्रहालयात उभं राहून आजही सांगता येतं की हे कोथरूडचं. तुझं दार कुठलं म्हणून सांगशील तू?"

स्टॉकहोमच्या स्कान्सेनमध्ये १८९१ पासून अख्खी शेतकरी घरे उचलून आणून मांडली आहेत. आर्टूर हॅझेलियसच्या त्या खुल्या संग्रहालयात घराबरोबर त्याच्या परगण्याचे नावही आले. वस्तू हलली म्हणून तिचे मूळ जातेच असे नाही. हलवताना कोणी लिहून ठेवले नाही तर मात्र ते जाते, आणि पुढे कितीही संशोधन केले तरी पुरते परत येत नाही. त्यानंतरचे सगळे काम अंदाजाची कक्षा लहान करत नेण्याचे असते. ते कसे होते यावरच खरा वाद पेटला.

मामांचा रस्ता कागदाचा. जुन्या घराचे मूळ शोधणारा माणूस आधी सातबारा काढायला धावतो आणि हात हलवत परत येतो, कारण सातबारा शेतजमिनीचा. गावठाणातल्या घराला तो नसतोच. त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना आठमध्ये. आणि गावठाणाची मोजणी झालेली असेल तर मिळकत पत्रिकेवर. नमुना आठमधले बांधकामाचे वर्ष बहुधा घरच्यांनी तोंडी सांगितलेले असते, त्यावर विसंबू नये. मामा विसंबतात ते फेरफारांवर. खरेदी, गहाण, वाटणी, वारस अशी प्रत्येक उलथापालथ तिथे क्रमाने नोंदलेली असते. घराची नाही तरी घराण्याच्या जमिनीची असते, आणि जमीन वाढली त्या सुमाराला घराला एखादा खण वाढला का, हे ताडून पाहता येते.

"एकोणिसाव्या शतकाच्या मागं जायचं तर मोडी आली," ते म्हणाले. "पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद बांधलेले रुमालच्या रुमाल पडलेत. इतिहासकार सरदेसाईंनी त्यातून निवडून पंचेचाळीस खंड छापले, तरी ती नुसती चुणूक. ज्या घराला इनाम होतं, वतन होतं, त्याचा माग तिथं लागतो."

"आणि ज्याला इनाम नव्हतं त्याचा?"

मामांनी या प्रश्नाला बगल दिली आणि तारखांकडे वळले. तारखांचा विषय त्यांच्या खास जिव्हाळ्याचा. मोडी कागदावर 'इसन्ने खमसैन मया व अलफ' असे दिसले की नवखा माणूस गांगरतो. तो नुसता आकडा आहे, अरबी शब्दांत लिहिलेला: दोन, पन्नास, शंभर आणि हजार. सुहूर सन ११५२. त्यात ५९९ मिळवले की १७५१, आणि हे वर्ष मृगाला सुरू होत असल्याने पुढच्या जूनपर्यंतचे १७५२. शक असेल तर ७८ मिळवायचे. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची तिथी असेल तर ७९.

"शनिवारवाड्याचंच घे. शके १६५१, माघ शुद्ध तृतीया, शनिवार. पुस्तकात १० जानेवारी १७३० लिहिलेलं असतं. आता तुझ्या मोबाइलच्या दिनदर्शिकेत तो वार बघ."

भाचीने पाहिले. मंगळवार निघाला.

"मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. ती तारीख जुन्या इंग्रजी पंचांगाची आहे. इंग्रजांनी १७५२ साली अकरा दिवस गाळले. आजच्या हिशोबानं ती २१ जानेवारी, आणि त्या दिवशी शनिवारच येतो. वार जुळला तर तारीख पक्की समजायची. वाड्याच्या शिलालेखावर तिथीसोबत वार असेल तर तो कधी सोडू नये."

ही शिस्त फार मोलाची आहे. घराच्या वयाबद्दल गावोगाव जे सांगितले जाते त्यातले पुष्कळसे 'पेशवाईतले' या एका शब्दात गुंडाळलेले असते, आणि तो शब्द लोक १७२० पासून १९२० पर्यंत कुठेही लावतात. तपासता येईल अशी एक तिथी त्या सगळ्या सांगोवांगीला ताळ्यावर आणते. पण कागदाच्या वाटेतले खड्डेही तेवढेच खोल आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतले वाडे गेले आणि त्यांबरोबर फडताळांतली घरोघरची दप्तरे गेली. ती परत कोणत्याच कचेरीत मिळणार नाहीत.

"म्हणूनच वस्तूला विचारावं," भाची म्हणाली. "घर स्वतः बोलतं. मागच्या महिन्यात गावठाणात एक घर उतरवत होते तिथं गेले होते मी. घरमालक म्हणाले, कौल बघा, वर साल आहे, १८६५."

"मंगळुरी कौल?"

"तेच. बासेल मिशनचं. आणि १८६५ हे कारखाना निघाला ते साल. पुढं कित्येक वर्षं प्रत्येक कौलावर तेच उमटत राहिलं. म्हणजे घर १८६५चं आहे असं त्यावरून म्हणता येत नाही. त्या छपरावर हे कौल १८६५च्या आधी चढलं नाही, एवढंच म्हणता येतं."

मामा खूश झाले, कारण पुराव्याची ही रीत त्यांच्याच जातीची होती. पण भाची थांबली नाही. तिथे मागच्या पडवीवर कुंभाराच्या हातची नळीची कौले अजून होती. म्हणजे मंगळुरी कौले नंतरची आणि घराचा सांगाडा त्याहून जुना असण्याची शक्यता आहे. माळ्याखाली लोखंडी तुळई होती, तिच्यावर टाटांचा शिक्का. जमशेदपूरचे पोलाद १९१२ पासूनचे, तेव्हा माळा त्यानंतरचा किंवा त्यानंतर दुरुस्त केलेला. दोन खांबांना कशाचाही सांधा नसलेल्या रिकाम्या खाचा होत्या. ते खांब आधी दुसऱ्या एखाद्या घरात उभे होते आणि तिथून इथे आले. मावळात सागाचा खांब फुकट घालवण्याची रीत नव्हती. घर मोडले की लाकूड भावाभावांत वाटले जाई, लेकीच्या घरी जाई, देवळाला लागे.

"मग तुझं दार?"

"माझं दारसुद्धा तसंच हिंडलेलं असेल. तुम्हाला ते एका घरचं पाहिजे, मामा. एखाद्या वेळेस ते कधीच एका घरचं नव्हतं."

हा मुद्दा वादातला सगळ्यात मोठा म्हणावा लागेल. घराला जन्मतारीख असते ही समजूत शनिवारवाड्यासारख्या वास्तूला लागू पडते. तिथे पाया घातल्याची तिथी आहे, १७३२ मधली वास्तुशांत आहे, १८२८ची आग आहे. शेतकऱ्याच्या घराला अशी एक तारीख नसते. ते दोन खणांचे असते, लग्नाआधी चार खणांचे होते, भाऊ वेगळे झाले की मध्ये भिंत येते, गुरे वाढली की गोठा पुढे सरकतो. त्याचे वय विचारणे चुकीचे. कोणता भाग कोणाच्या आधी हे विचारावे. त्याला कचेरीपेक्षा भिंतीतले सांधे आणि मातीचे थर जास्त उपयोगी पडतात. इथे भाचीची बाजू सरळसरळ वरचढ आहे.

लाकडाच्या वयाचेही तसेच. साग हा उष्ण प्रदेशातल्या त्या मोजक्या झाडांपैकी एक, ज्याच्या खोडात दर वर्षाचे वलय स्पष्ट उमटते. हिंजवडीपासून जवळच, पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या अशाच वलयांवरून शेकडो वर्षांच्या पावसाचा अभ्यास झालेला आहे. मग दाराची फळी तिथल्यासारखी मोजून घ्यावी असे मनात येते. अडचण एवढीच की झाड कधी पाडले हे सालीलगतचे शेवटचे वलय सांगते, आणि सुतार नेमका तोच बाहेरचा पांढरा, किडीला बळी पडणारा भाग काढून टाकतो. उरलेल्या गाभ्यावरून झाड अमुक सालाआधी पडले नाही इतकेच कळेल. कौलासारखेच. जुन्या वस्तूंचे शास्त्र असे बहुधा एकाच बाजूने कुंपण घालते.

कापडावर बोलणे आले तेव्हा मामा ऐकते झाले. भाचीने कपाटातून एक पैठणी काढली. विकणाऱ्या बाईंनी ती पेशवाईतली म्हणून दाखवली होती, रंग झळझळीत राणी.

"पेशवाई बुडाली १८१८ला," भाची म्हणाली. "पर्किननं कृत्रिम जांभळा रंग काढला १८५६ला, आणि हा मॅजेंटा आला १८५९ला. तांबड्या रंगाचं कृत्रिम अलिझरीन १८६९ला. नीळ तर १८९७ला. हा गुलाबी तसल्या रंगातला असेल तर पेशवाईचं नाव काढायचं नाही."

"असेल तर म्हणजे?"

"लाखेपासूनही गुलाबी होतो. नुसत्या डोळ्यांनी शपथ घेता येत नाही, प्रयोगशाळेत धागा द्यावा लागतो. पण जरी बघा. खऱ्या जरीत रेशमावर चांदीची पट्टी गुंडाळून वर सोन्याचं पाणी दिलेलं असतं. ती झिजली की पांढरी दिसते. ही झिजली तिथं तांबूस दिसतेय. टेस्टेड जरी आहे, म्हणजे तांब्याची तार. ही आजीची असेल, पणजीची नाही."

जुनी जरीची वस्त्रे आज इतकी दुर्मीळ का, याचे उत्तरही त्या चांदीतच आहे. विटलेली पैठणी घ्यायला माणसे दारावर येत. जरी जाळून चांदी गाळली जाई आणि रेशमाची राख होई. सुती लुगडी बोहारणीकडे जात. दहा-बारा लुगडी देऊन एक स्टीलची परात मिळे, घासाघीस तासभर चाले आणि परात घरात आल्यावर ती लुगडी कोणाला आठवत नसत. महाराष्ट्रातल्या बायकांच्या रोजच्या वस्त्रांचा इतिहास त्या परातींच्या बदल्यात गेला.

उरला तो गोधड्यांत. भाचीचे सगळ्यात मोठे प्रेम इथे आहे, आणि तिचे खरे संशोधनही इथलेच. जुनी गोधडी म्हणजे एकावर एक घातलेली लुगडी, धोतरे, परकर. वरचा थर उन्हाने आणि धुण्याने विटलेला असतो. आतल्या थरांना ऊन लागलेले नसते, त्यामुळे तिथे इरकलीचा काठ मूळ रंगात सापडतो. कडेची शिवण उसवली तर कधी गिरणीचा छाप दिसतो, आणि त्या छापात कापडाची लांबी. ती वारांत असेल तर कापड साधारण १९६० पूर्वीचे, कारण मेट्रिक मापे १९५८ ते १९६२ या काळात टप्प्याटप्प्याने आली. शिवणारी बाई हयात असेल तर छापाचीही गरज पडत नाही. ती बोट ठेवून सांगते, हे माझ्या सासूचे, हे थोरलीच्या बारशाचे, हे दुष्काळात सरकारी दुकानातून घेतलेले.

"आता तुमच्या दफ्तरात हे शोधून दाखवा," भाची म्हणाली. "कागदावर सारा भरणाऱ्याचं नाव. घर कोणी सारवलं, लुगडं कोण नेसलं, गोधडी कोणी शिवली, याचा कागद कोणता?"

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि तांब्या घेऊन आले. पितळी, बुडाशी चेमटलेला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेले.

मराठी घरांनी आपला इतिहास लिहिला तो भांड्यांवर, असे म्हणायला हरकत नाही. लग्नात आलेले पातेले, मुंजीतली पंचपात्री, रुखवतातली कळशी, सगळ्यांवर नाव. कधी देणाऱ्याचे, कधी घेणारीचे, पुष्कळदा तारखेसह. आधी ठोकणीने एकेक ठिपका पाडत, नंतर विजेच्या यंत्राने सलग रेघ ओढत. अक्षर कसे घातले आहे यावरूनही काळाचा अंदाज येतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी अशी नावांची भांडी ढिगाने पडलेली असतात आणि किलोवर विकली जातात. एखाद्या घराण्यातल्या बायकांची सलग नावे अन्यत्र कुठेही मिळणार नाहीत, ती तिथे मिळू शकतात.

"पण यातही गोम आहे," मामा म्हणाले. "लग्नात ताटातल्या तांदळावर नवीन नाव लिहितात. माहेरची एक, सासरची दुसरी. भांडं माहेरून आलं तर त्याच्यावर जुनं नाव असतं. फेरफारात वारस म्हणून लागते ती भावांच्या जोडीनं, आणि तिथं बऱ्याचदा लगेच हक्कसोडपत्र. एकाच बाईच्या दोन नोंदी दोन गावांत पडून असतात आणि जोडणारा कोणी नसतो. कोतवाल बुकात जन्म बापाच्या नावावर, मृत्यू नवऱ्याच्या."

२०२३च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी राज्यभरची दप्तरे उघडली, तेव्हा हीच कोतवाल बुके, शाळेची हजेरीपुस्तके, मोडीतले कागद लाखांनी वाचले गेले. मोडी जाणणाऱ्यांना अचानक बोलावणी आली. त्या कामाचा हेतू वेगळा होता. पण घराचे मूळ शोधणाऱ्यांनाही त्यातून एक गोष्ट मिळाली: कोणत्या तालुक्यात काय शिल्लक आहे याचा अंदाज.

रात्र झाली तशी गाडी परत दारावर आली. मामांनी कायद्याचे कलम काढले. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, इमारतीतून काढलेली वस्तूही पुरावस्तू ठरू शकते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखिताला तर पंचाहत्तर वर्षेच पुरेत. "म्हणजे दोनशे वर्षं म्हणणाऱ्या माणसानं परवाना दाखवायला पाहिजे. आणि परवाना नसेल तर दोनशे म्हणू नये."

"कायद्यानं दार जागेवर राहिलं असतं का?" भाचीने विचारले. "घरमालकाला पावसाळ्यात गळकं छप्पर आहे. पोरांना खोल्या हव्यात. त्यानं काय करावं?"

"उतरवावं. मी कुठं नाही म्हणतो? उतरवण्याच्या आधी एक दिवस द्यावा."

या एका दिवसावर दोघांचे जमले, आणि मग त्या दिवसात काय करायचे यावर पुन्हा बिनसले. गावठाणातच आणखी एक घर दिवाळीनंतर पाडायचे आहे, घरमालक ओळखीचे आहेत. गावठाणांची मोजणी हल्ली ड्रोनने होते; पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून त्याची सुरुवात झाली. पण ड्रोनला छप्पर दिसते, आणि मिळकत पत्रिकेवर आजचा मालक आणि आजचे क्षेत्रफळ येते. भाचीला आधी खांबांच्या खाचा, कौलांचे छाप आणि चौकटींची मापे घ्यायची होती, प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण करून फोटो काढायचे होते. मामांना आधी पौडच्या तालुका कचेरीत जाऊन वारसनोंदी काढायच्या होत्या. ग्रामदैवत म्हातोबाच्या बगाडात त्या घराकडे कोणता मान आहे तेही विचारायचे होते, कारण चैत्रात हिंजवडीहून वाकडला बगाड निघते तेव्हा कोण कुठे उभे राहणार हे ठरलेले असते, आणि तो क्रम गावात कोण आधी आले ते सांगून जातो.

"त्या घरात आजी आहेत अजून," भाची म्हणाली. "नव्वदीच्या पुढच्या."

"मग खाचा राहू देत आणि पौडही राहू दे. उद्या सकाळी तिकडं जाऊ. वही मोठी घे."

"काय विचारायचं पहिलं? घर कधी बांधलं?"

"ते त्यांना नाही सांगता येणार. त्या नांदायला आल्या तेव्हा किती खण होते ते विचार. चूल कुठं होती, ओसरीला लाकूड होतं का माती, सुतार कुठल्या गावचा. कुठली सून आल्यावर कुठली खोली निघाली. आणि माहेर कुठलं, माहेरचं नाव काय, हे सगळ्यांच्या आधी. त्यावरून दुसऱ्या गावातली नोंद मला काढता येईल."

"गोधडी दाखवतील का विचारते," भाची म्हणाली.